टीपकागदावरचे थेंब: पीकेयूची नव्वद वर्षांची गोष्ट

 

एरवी आपल्या मराठी कार्यक्रमातल्या इतिहासाच्या भागात आपण किल्ले, पेशवाई, नाही तर सिडनीतल्या जुन्या गिरण्या असलं काहीतरी बोलतो. आज विषय थोडा वेगळा आहे. मी डॉक्टर नाही, आयटीतला माणूस आहे. तेव्हा यातलं काहीही औषधोपचाराचा सल्ला म्हणून घेऊ नका, एक गोष्ट म्हणून ऐका. ही गोष्ट नॉर्वेत सुरू होते, इंग्लंड-अमेरिका फिरते आणि पेंडल हिलहून दोन स्टेशनांवर असलेल्या वेस्टमीडला येऊन पोहोचते.

माझ्या डोक्यात हा विषय शिरला तो एका दिवाळीत. ऑफिसात मी फराळाचा डबा नेला होता. चकली, शंकरपाळे, बेसनाचे लाडू. टीममधल्या एका सहकाऱ्याने काहीच घेतलं नाही. आपल्याला आग्रहाची सवय, मी तीनदा लाडू पुढे केला. तो हसून नको म्हणाला. मग म्हटलं निदान हे तरी घे, म्हणून साखर नसलेल्या कोल्ड्रिंकचा कॅन दिला. त्याने कॅन उलटा करून त्यावरची बारीक अक्षरं मला दाखवली. ‘यात फिनाइलॲलनिन आहे’ अशी सूचना होती. म्हणाला, “ही ओळ माझ्यासारख्यांसाठी छापलेली असते.” मी तोवर शेकडो कॅन प्यायलो असेन, ती ओळ कधी वाचली नव्हती. आणि खरं सांगायचं तर तोवर मी त्याला जरा शिष्ट समजत होतो.

त्याला जन्मापासून पीकेयू आहे, म्हणजे फिनाइलकीटोन्युरिया. आता हे काय, ते आधी सोप्या शब्दांत सांगतो.

आपण डाळ, दूध, अंडी, मांस खातो, त्यातल्या प्रथिनांचे पोटात तुकडे होतात. त्या तुकड्यांना अमिनो आम्लं म्हणतात. फिनाइलॲलनिन हे त्यातलंच एक. शरीराला ते लागतं, पण थोडंच. उरलेल्याचं आपलं यकृत एका विकराच्या मदतीने टायरोसिन नावाच्या दुसऱ्या अमिनो आम्लात रूपांतर करतं. पीकेयू असलेल्या माणसात हा विकर कामच करत नाही, किंवा फार कमी करतो. मग फिनाइलॲलनिन रक्तात साचत जातं. निरोगी माणसाच्या रक्तात ते लिटरला साधारण १२० मायक्रोमोलच्या आत असतं. उपचार न झालेल्या तीव्र पीकेयूत ते १,२००च्या वर जातं. याचा मार बसतो तो मेंदूवर, आणि तोही बाळाचा मेंदू वाढत असतानाच.

दोष आनुवंशिक आहे. आई आणि वडील दोघांकडेही सदोष जनुकाची एकेक प्रत असेल, तर प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता असते की बाळाला दोन्ही सदोष प्रती मिळतील. आईवडील स्वतः ठणठणीत असतात. घराण्यात आधी कुणालाच काही झालेलं नसतं. त्यामुळे घरात पहिलं असं मूल जन्मतं तेव्हा कुणाला काही कळत नाही.

नॉर्वेतल्या बोर्ग्नी एगेलांड यांचं असंच झालं. त्यांना दोन मुलं, मोठी लिव्ह आणि धाकटा डाग. जन्मली तेव्हा दोघंही गोंडस, धडधाकट. पण वाढ पुढे सरकेना. लिव्ह जेमतेम काही शब्द बोलायची, डागला चालताही येत नव्हतं. बोर्ग्नीबाईंनी एक गोष्ट हेरली होती. मुलांच्या अंगाला एक विचित्र, कोंदट वास येतो. डॉक्टरांमागून डॉक्टर झाले, कुणी त्या वासाकडे लक्ष दिलं नाही. शेवटी १९३४ साली ओस्लोत त्या असब्यॉर्न फोलिंग यांच्याकडे पोहोचल्या. मुलांचे वडील दंतवैद्य होते आणि विद्यार्थी असताना फोलिंग त्यांचे शिक्षक होते, ती ओळख कामी आली.

फोलिंग डॉक्टर होते आणि रसायनशास्त्रज्ञही. त्यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकून पाहिलं. मधुमेहाच्या रुग्णांत ही चाचणी करत, तेव्हा रंग तांबूस यायचा. इथे तो हिरवा आला. आईला त्यांनी सांगितलं, आठवडाभर मुलांची सगळी औषधं बंद ठेवा. रंग पुन्हा हिरवाच. मग त्या माउलीने बाटल्या भरभरून लघवी गोळा करून आणून दिली, सुमारे वीस लिटर. त्यातून फोलिंग यांनी फिनाइलपायरुविक आम्ल वेगळं काढलं. पुढे त्यांनी मतिमंद व्यक्तींच्या संस्थांतून चारशेहून अधिक नमुने तपासले आणि आणखी आठ जणांत तेच आम्ल सापडलं. बुद्धीच्या अशा खोल अपंगत्वामागे एक नेमकं रासायनिक कारण असू शकतं, हे पहिल्यांदा सिद्ध झालं. पण इलाज काहीच नव्हता. लिव्ह आणि डागला या शोधाचा उपयोग झाला नाही.

तो काळही ध्यानात घ्या. अशी माणसं जन्मालाच येऊ नयेत, त्यांच्या नात्यातल्यांची नसबंदी करा, असं बोलणारी मंडळी युरोप-अमेरिकेत तेव्हा प्रतिष्ठित होती. लंडनचे लायोनेल पेनरोज यांनी १९४६ साली पीकेयूचंच उदाहरण घेऊन हा विचार खोडून काढला. त्यांचा हिशोब सोपा होता. आजार दहा-वीस हजारांत एखाद्याला होतो, पण सदोष जनुकाची एक प्रत बाळगणारे निरोगी लोक शंभरात एक-दोन तरी असतात. मग एवढ्या सगळ्यांची नसबंदी करणार का?

‘द गुड अर्थ’च्या लेखिका, नोबेल विजेत्या पर्ल बक यांच्या मुलीची, कॅरोलची कहाणी अनेकांनी वाचली असेल. त्यांनी १९५० साली तिच्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हाही मुलीला काय झालंय हे त्यांना माहीत नव्हतं. तो पीकेयू होता हे पुढे कळलं.

इलाज सापडला बर्मिंगहॅममध्ये, आणि तिथेही एका आईनेच तो करायला भाग पाडलं. १९५१ साल. मेरी जोन्स यांची दोन वर्षांची मुलगी शीला. उभी राहत नव्हती, आईला ओळखत नव्हती, सतत डोकं आपटायची. होर्स्ट बिकेल या तरुण डॉक्टरांनी निदान केलं पीकेयू. आईला निदानात रस नव्हता. ती रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दाराशी उभी राहायची आणि एकच विचारायची, इलाज कधी करणार?

बिकेल, जॉन जेरार्ड आणि एव्हलिन हिकमन्स यांनी मग एक खटाटोप केला. दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करायचे, सक्रिय कोळशातून गाळून त्यातलं फिनाइलॲलनिन काढून टाकायचं, आणि उरलेलं मिश्रण मुलीला पाजायचं. लंडनचे लुई वूल्फ यांनी ही वाट सुचवली होती. काही महिन्यांत शीला रांगायला लागली, उभी राहायला लागली, डोकं आपटणं थांबलं. मग डॉक्टरांनी आईला न सांगता तिच्या आहारात फिनाइलॲलनिन परत मिसळलं, सुधारणा पथ्यामुळेच आहे की योगायोगाने, हे पाहायला. मुलगी झपाट्याने ढासळली आणि आईनेच येऊन सांगितलं की काहीतरी बिनसलंय. आज असा प्रयोग कुणी करू धजणार नाही. पण १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये तो छापून आला आणि जगाला पटलं की आनुवंशिक आजारावर पथ्याने मात करता येते.

शीलाला मात्र उशीर झाला होता. झालेलं नुकसान पथ्याने भरून येत नाही. म्हणजे पथ्य सुरू व्हायला हवं जन्मानंतर लगेच, लक्षणं दिसण्याआधी. पण लक्षणंच नसलेलं बाळ ओळखायचं कसं? १९५०च्या दशकात ओल्या लंगोटावर फेरिक क्लोराइडचा थेंब टाकून पाहत. पण तो हिरवा व्हायला जन्मानंतर काही आठवडे जावे लागत, तोवर मेंदूला धक्का बसायला सुरुवात झालेली असे.

इथे येतात रॉबर्ट गथ्री. अमेरिकेत बफेलोला कर्करोगाच्या प्रयोगशाळेत जंतूंवर काम करणारे. त्यांच्या एका मुलाला बौद्धिक अपंगत्व होतं, आणि पत्नीच्या बहिणीच्या मुलीला १९५८ साली, पंधरा महिन्यांची असताना, पीकेयूचं निदान झालं. गथ्रींनी एक साधी युक्ती काढली. बाळाच्या टाचेला सुई टोचायची, रक्ताचे थेंब टीपकागदावर घ्यायचे, वाळवायचे आणि पोस्टाने पाठवायचे. प्रयोगशाळेत त्या डागाची छोटी चकती कापून जंतूंच्या थरावर ठेवायची. थरात असं द्रव्य मिसळलेलं की जंतू वाढूच नयेत. पण रक्तात फिनाइलॲलनिन भरपूर असेल, तर त्या द्रव्याचा जोर मोडतो आणि चकतीभोवती जंतूंचं कडं उमटतं. बस, एवढंच. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या २९ राज्यांत चार लाखांहून अधिक बाळं तपासली गेली, त्यांत ३९ सापडली.

मी एमबीए केलंय, त्यामुळे माझं डोकं आपोआप खर्चाकडे जातं. एका तपासणीचा खर्च अगदी किरकोळ, आणि वेळेत सापडलेल्या एका बाळाचं अख्खं आयुष्य वाचतं. असा हिशोब आमच्या धंद्यात क्वचित जमतो. गथ्रींनी या शोधातून स्वतःसाठी मानधन घेतलं नाही.

आपल्या न्यू साउथ वेल्समध्ये नवजात बाळांची ही तपासणी १९६४ साली सुरू झाली, म्हणजे जगात अगदी सुरुवातीच्या ठिकाणांपैकी एक. आज राज्यातल्या बाळांचे टीपकागद वेस्टमीडच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये तपासले जातात. हे हॉस्पिटल १९९५ साली कॅम्परडाउनहून वेस्टमीडला आलं. तुमचं मूल इथे जन्मलं असेल तर आठवत असेल, दोन-तीन दिवसांचं असताना नर्सने टाच टोचून कागदावर रक्ताचे थेंब घेतले होते. माझ्या लेकीच्या वेळी मी तिच्या रडण्याने इतका कासावीस झालो की कशासाठी टोचतायत हे विचारलंसुद्धा नाही. वर्षाला जवळपास लाखभर बाळांचे असे कागद तिथे येतात.

१९९८ साली ब्रिजेट विल्कन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे टँडम मास स्पेक्ट्रोमेट्री सुरू केली. त्यामुळे एकाच डागातून अनेक आजार एकदम पाहता येऊ लागले. त्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास जगभर दाखला म्हणून दिला जातो. आज इथल्या यादीत पंचवीसहून अधिक आजार आहेत. पीकेयू ऑस्ट्रेलियात साधारण दहा-बारा हजार बाळांत एकाला असतो.

आता गोष्टीचा दुसरा भाग, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा.

बाळ सापडलं, पथ्य सुरू झालं, मूल शाळेत जाऊ लागलं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण हे पथ्य म्हणजे काय, ते आपल्या ताटावर समजून घेऊ. तीव्र पीकेयू असलेल्या अनेकांना दिवसाला दहा ग्रॅमहूनही कमी नैसर्गिक प्रथिनं चालतात. एक वाटी वरण आणि दोन पोळ्या झाल्या की दिवसाचा कोटा संपला. दूध, दही, पनीर, डाळी, अंडी, मासे, मटण, सगळं बंद. साबुदाणा चालतो, दाण्याचं कूट नाही. बाकीची गरज भागवायची ती फिनाइलॲलनिन नसलेल्या एका मिश्रणाने, ज्याची चव आणि वास कुणालाच आवडत नाही. रोज, दिवसातून अनेकदा.

त्यामुळे १९६० आणि ७०च्या दशकांत अनेक ठिकाणी डॉक्टर सांगत, मेंदूची मुख्य वाढ झाली, आता सहा-आठ-दहा वर्षांचं झाल्यावर सोडा पथ्य. मुलांना आनंद, आईवडिलांनाही. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोजेक्ट गो-लाइव्ह झालं, आता सपोर्ट बंद करा. पण अमेरिकेत पथ्य चालू ठेवलेली आणि सोडलेली मुलं यांची तुलना झाली, तेव्हा सोडलेली मुलं बुद्ध्यंकात आणि अभ्यासात मागे पडत असल्याचं दिसलं. तेव्हापासून सल्ला बदलत गेला, आणि २००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या तज्ज्ञ परिषदेने आयुष्यभर उपचाराची शिफारस केली.

दरम्यान एमआरआय आलं होतं. १९९० साली लंडनच्या ॲलन थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी पीकेयूच्या काही तरुण रुग्णांबद्दल लिहिलं. त्यांची मज्जासंस्था मोठेपणी बिघडत होती. जगभर मग पीकेयू असलेल्या प्रौढांचे मेंदू या यंत्रातून पाहिले गेले. मेंदूच्या आतल्या भागात पांढऱ्या तंतूंचं जाळं असतं. वायरीवर रबराचं आवरण असावं तसं या तंतूंवर मायलिनचं आवरण असतं, त्यामुळे संदेश वेगाने जातात. या तंतूंत, विशेषतः मेंदूच्या मागच्या भागात, चित्रावर ठळक चकाकणारे पट्टे दिसले. आणि ते लहानपणी वेळेवर उपचार झालेल्यांतही दिसले! बुद्ध्यंक चांगला, नोकरी चालू, संसार चालू, तरीही.

दुसरा धक्का मात्र सुखद होता. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात दिसलं की कडक पथ्य पुन्हा सुरू केल्यावर हे पट्टे कमी होऊ शकतात. म्हणजे तंतू मेलेले नाहीत. आवरणात पाणी साचल्यासारखा प्रकार आहे, आणि रक्तातली पातळी उतरली की तो ओसरतो. पट्टे किती मोठे, याचा संबंध बऱ्याच अंशी अलीकडच्या काळात पातळी किती वर होती याच्याशी असतो.

मग या पट्ट्यांमुळे माणूस मंद होतो का? इतकं सरळ उत्तर नाही. पट्टे आणि बुद्ध्यंक यांचा थेट मेळ बसत नाही. फरक दिसतो तो इतर ठिकाणी: विचाराचा वेग, लक्ष टिकवणं, एका वेळी तीन गोष्टी डोक्यात धरून ठेवणं, बेत आखणं. मेलबर्नच्या संशोधकांना मुलांच्या अभ्यासात आढळलं की ज्यांच्यात हे बदल पुढच्या भागापर्यंत पसरलेले होते, त्यांनाच अशा कामांत सर्वांत जास्त अडचण होती.

यामागे आणखी एक कारण सांगतात. सकाळी दादरला लोकलचं दार डोळ्यांसमोर आणा. रक्तातून मेंदूत शिरायला बऱ्याच अमिनो आम्लांना एकच दार आहे. प्लॅटफॉर्मवर फिनाइलॲलनिनची झुंबड उडाली की टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन खालीच राहतात. टायरोसिनपासून डोपामिन बनतं, ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन. एक लक्षासाठी लागतं, दुसरं मनःस्थितीसाठी. ॲडेल डायमंड यांनी १९९७ साली दाखवलं की पथ्य चालू असलेल्या, पण पातळी थोडी वर राहिलेल्या मुलांतही कपाळामागच्या भागाची कामं मागे पडतात. आणि २०११ साली नेदरलँड्समध्ये प्रौढांवर एक चाचणी प्रसिद्ध झाली. चार आठवडे फिनाइलॲलनिन, चार आठवडे नुसती साधी भुकटी, केव्हा काय हे रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही माहीत नाही. पातळी वाढली तेव्हा लक्ष टिकेना आणि मनःस्थिती खालावली. मेरी जोन्सबाईंनी साठ वर्षांपूर्वी डोळ्यांनी टिपलं, ते या लोकांनी मोजलं. फरक एवढाच की या वेळी रुग्णांना विचारून, त्यांच्या संमतीने.

माझ्या सहकाऱ्याला लहानपणी पथ्य सोडायला सांगितलं होतं. पस्तिशीपर्यंत तो सगळं खात होता. मीटिंगमध्ये धागा सुटायचा, ईमेल अर्धवट राहायचे, चिडचिड व्हायची. त्याला वाटायचं आपला स्वभावच असा. मॅनेजरलाही तेच वाटायचं. मी सांगतो, कारण तेव्हा त्याचा मॅनेजर मीच होतो. वार्षिक आढाव्यात ‘तपशिलाकडे दुर्लक्ष’ हे शब्द मीच लिहिले होते. पुढे एमआरआय झाला, तो पथ्यावर परतला. लगेच जादू झाली नाही. दोन-तीन महिन्यांनी म्हणाला, डोक्यातलं धुकं थोडं विरळ झालंय. मला त्या दिवाळीतला लाडू आठवला आणि तो आढावाही.

हे सगळं आज का सांगितलं? १९६४ नंतर इथे तपासणी होऊन वाढलेली पहिली पिढी आता साठीच्या घरात आहे. जगात यांच्याआधी लहानपणापासून उपचार झालेलं पीकेयूचं कुणी म्हातारं झालेलंच नाही. आपलं पुढे काय होणार हे त्यांना विचारायला वडीलधारं कुणी नाही. त्यातले कित्येक पथ्य सुटलं तेव्हाच दवाखान्यापासूनही सुटले. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर सांगा, जीपीकडून प्रौढांच्या चयापचय विभागासाठी चिठ्ठी घ्या. असा विभाग वेस्टमीड हॉस्पिटलमध्येही आहे. आपल्या मनाने मात्र पथ्य सुरू करू नका. आणि बाईला पीकेयू असेल तर गर्भधारणेच्या आधीच डॉक्टरांना भेटायला हवं. आईच्या रक्तातली पातळी जास्त असेल तर बाळाला आजार नसतानाही त्याच्या मेंदूवर आणि हृदयावर परिणाम होतो, हे १९८० साली लेन्के आणि लेव्ही यांनी दाखवून दिलं आहे.

भारतात सगळ्या बाळांची अशी तपासणी अजून होत नाही. बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात कर्नाटकातली लाखाहून अधिक बाळं तपासली होती, गोव्यात २००८ साली राज्यभर कार्यक्रम सुरू झाला होता. पण पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात तुमच्या भाचीला, पुतणीला बाळ होणार असेल, तर फोनवर बारशाचं बोलताना एवढं विचारा: बाळाच्या टाचेची तपासणी करणार आहात ना?

आणि पंगतीत कुणी एकदा नको म्हणालं, तर दुसऱ्यांदा वाढू नका. मी तरी आता वाढत नाही.